जागा पूर्ववत मिळाली

९ मे १९५९, शनिवार

फॉर्म परत आला! हेडक्लार्क म्हणाले, "बाई, बाकी सगळं ठीक आहे. घरमालकाचा दाखला तेवढा जोडा. त्याशिवाय कार्यमुक्तीचा हुकूम निघायचा नाही." बाहेरगावच्या शिक्षिकांचं घरभाडं कचेरी भरते, म्हणून जागा सोडताना मालकाने लिहून द्यायचं — 'जागा पूर्ववत स्थितीत परत मिळाली.' खाली सही किंवा अंगठा.

म्हटलं, एवढंच ना! राधाकाकी माझी घरमालकीण. सहा वर्षं तिच्या आतल्या खोलीत काढली. तिचं जातं ओढलंय, तिच्या लेकीला बाराखडी शिकवलीय. अंगठा मागायला कसला संकोच? घरी आल्या आल्या दौत घेऊनच तिच्यापुढे बसले.

काकी परसात कोकमं फोडत होती. फॉर्म दोनदा वाचून घेतला. मग विचारते, पूर्ववत म्हणजे काय गो? मी पडले मास्तरीण! वर्गात सांगते तसं सांगितलं — पूर्वी होती तशी.

"म्हणजे जशी दिल्लंय तशी?"

"होय."

"मगे तशी करून दी गो बाये. अंगठो काय पळान जाता?"

हात कोकमांनी लाल झाले होते तिचे. नाहीतर तिथेच उमटवून घेतला असता.

१० मे, रविवार

एक जूनला दुपारी बाराच्या आत कोल्हापूरला हजर व्हायचं. नाही झालं तर माझा ट्रेनिंगचा नंबर यादीतल्या पुढच्या बाईला. हा नंबर लागायला चार वर्षं अर्ज केलेत. आणि ट्रेनिंग नसलेल्यांना पुढच्या वर्षी घरी बसवणार, असं शाळेत सगळेच बोलतात.

घरी म्हणजे मसुऱ्याला. बाबूदादाचं पत्र आलंय. 'तुझ्या वहिनीच्याने आता होत नाही. चार पोरं, गुरं, दूधदुभतं. नोकरी केलीस तेवढी पुरे.' पुरे का ते मला कुणी विचारलं? वय अठ्ठावीस, लग्न नाही, म्हणजे हात रिकामेच आहेत असा सगळ्यांचा हिशेब. त्या चुलीपाशी एकदा बसले की मी उठणार ती चौघांच्या खांद्यावरूनच.

तेव्हा खोली साफ करायची. कशी दिली होती ते आठवून आठवून साफ करायची. आज सगळं सामान पडवीत काढलं. केवढंसं सामान! एक ट्रंक, एक वळकटी, पुस्तकांची पेटी, स्टोव्ह, चार भांडी. मागे राहिली ती रिकामी खोली, आणि सहा वर्षांचा माझा मळ.

१२ मे, मंगळवार

छताच्या वाशांवरची काजळी खरवडली. नारळाच्या झाडूला लांब काठी बांधली आणि डोक्यावर फडकं. तरी नाकातोंडात गेलीच. सुरुवातीला पावसाळ्यात मी खोलीतच चूल मांडत असे, त्या वेळची काजळी. राखेने घासली, मग सोड्याच्या पाण्याने पुसली. भिंतीतले खिळे उपटले. एकोणीस निघाले! एका बाईला एकोणीस खिळे कशाला लागले असतील? भोकं मातीने बुजवली, वर चुना. कोपऱ्यात वाळवीची वाट होती, ती खणून रॉकेल ओतलं.

आणि जमिनीवर शाईचा डाग. तिमाही परीक्षेच्या वेळी दौत लवंडली होती. केवढा तरी खरवडला, पण शाई खाली मुरलीय.

संध्याकाळी काकी तपासायला आली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड-काळोख कळतो, माणूस आवाजावरून ओळखते. पण जमीन तिला पायांनी दिसते! अनवाणी तळवा घासत घासत खोलीभर फिरली. भिंतीवरून हात. शाईच्या डागावर येऊन थांबली. 

"हय काय सांडलंस गो?"

कसं कळलं? खरवडून खड्डा पडला होता, म्हणून.

१३ मे, बुधवार

पाठ, खांदे, बोटं. उद्या सारवण.

१५ मे, शुक्रवार

कालचं सारवण चिराळलं! सकाळी पाहते तर जमिनीवर सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा. शेण कमी आणि माती जास्त झाली. भावाच्या गोठ्यातलं शेण काढत वाढले मी, आणि सारवण चिराळतं माझं! मास्तरकीने हात बिघडले म्हणायचे. काकीला आवाजावरूनच कळलं. चालताना पापुद्रे मोडत होते.

"शिकलेल्यांचा सारवणा," म्हणाली, आणि हसली. मग पदर खोचून खाली बसली आणि स्वतःच शेण कालवायला लागली. मला म्हणते, हात असो फिरव, चंद्रासारखो. दोघींनी मिळून सगळी जमीन पुन्हा सारवली. तिचं अर्धं होईपर्यंत माझं पाव. दुपारी तिने मला फणसाची भाजी वाढली. तेव्हा वाटलं की उद्या अंगठा मिळणार. वाईट नाही गं म्हातारी!

१६ मे, शनिवार

नाही मिळाला.

आज जमीन वाळली, छान वाळली. काकी तळवे घासत फिरली. भिंती चाचपल्या. मागच्या भिंतीपाशी गेली आणि हात खिडकीच्या चौकटीवर ठेवला.

"ही नव्हती," म्हणाली.

मला आधी समजलंच नाही.

"जशी दिल्लंय तशी म्हटलंस मां तू? मी दिली तेवा ही नव्हती."

खरं आहे, नव्हती. ही खोली म्हणजे या घराची बाळंतिणीची खोली. माजघराच्या मागे, तीन भिंतींना झरोकासुद्धा नाही. बाळंतिणीला वारा लागू नये, नजर लागू नये, म्हणून मुद्दाम तशी बांधलेली. मी राहायला आले तेव्हा भरदुपारी चिमणी लावून वह्या तपासायची. दुसऱ्या वर्षी भाईकाकांनी, काकीच्या नवऱ्याने, ते पाहिलं. जन्मभर तारवावर काढलेला माणूस. म्हणाले, "मास्तरणीक उजेड नको? पोरांचे पेपर काय काजव्यात तपासतली?" गंगाराम गवंड्याला बोलावून स्वतः उभे राहून भिंतीतले सहा चिरे काढायला लावले. काकी तेव्हाच चार दिवस अबोल होती.

मग सुभद्राचं पहिलं बाळंतपण. दोन वर्षांपूर्वी, श्रावणात. काकीची एकुलती एक मुलगी, आचऱ्याला दिलेली. बाळंतपणाला माहेरी आली, म्हणून मी पडवीत झोपायला लागले आणि खोली तिला दिली. सातव्या महिन्यातच मुलगा झाला. सहाव्या दिवशी, सटीच्या म्हणजे सटवाईच्या पूजेच्या दिवशीच, गेला. पुढच्या वर्षी भाईकाकाही गेले.

आज काकी चौकटीवर हात तसाच ठेवून म्हणाली, "सटी दारातसून येता, गो. आमच्या हय खिडकेतसून दुसराच कोणतरी इला. आता सुभद्राक परत दिवस गेलेत. चोवीस तारखेक ती येतली. त्याच्या आधी ही बुजव, आणि अंगठो घे."

म्हणजे काजळी, खिळे, शाई हे सगळं उगाचच! तिच्या मनात पहिल्या दिवसापासून खिडकीच होती.

१७ मे, रविवार

दिवसभर धुमसतेय. स्वतःवरच जास्त.

कारण मला माहीत आहे. त्या वेळी सरकारी दवाखान्यातली नर्स चौथ्या दिवशी येऊन गेली होती. फाटकापर्यंत तिला पोचवायला मीच गेले. म्हणाली, "पोर फार अपुऱ्या दिवसांचं आहे, जगेल असं वाटत नाही. पण खोलीला खिडकी आहे ते बरं. शेगडी, धुरी आणि बंद खोली, एवढ्यात आई गेलेली मी पाहिलीय. खिडकी होती म्हणून ही तरी तगली." हे मी काकीला कधी सांगितलं नाही. घरात सुतक होतं. नंतर भाईकाकांचं. नंतर राहूनच गेलं.

आज सांगायला गेले. नीट शब्द जुळवून गेले, वर्गात जाते तशी. काकी मागच्या पायरीवर माशांचं कालवण नासवलं म्हणून मांजराला शिव्या घालत होती.

मी म्हटलं, "काकी, त्या नर्सबाईने तेवा माका एक सांगल्यान होता."

"तुका कोल्हापुराक जावचा आसा मां?"

बस. एवढंच बोलली, रागाने नाही की धमकी देऊन नाही. जणू वाटेवरचा दगड दाखवावा. आणि मी म्हणाले, होय. पुढचं वाक्य पोटात गेलं.

अडला हरी गाढवाचे पाय धरी! पण इथे गाढव कोण?

१८ मे, सोमवार

गंगारामला शोधायला गेले. सापडला, पण माणसाच्या उंचीवर नाही. तेल्याच्या घराच्या छपरावर कौलं परतत बसला होता. खालून ओरडून सांगितलं. तो वरून —

"पावसाआधी लोकांची कौला परतू की तुझी खिडकी बुजवू? जूनात ये!"

"जूनात मी हय नसतलंय!"

"मगे तुका खिडकेचा काय पडला हा?"

खाली चार माणसं जमली होती, सगळी हसली. मीही हसले. दुसरं काय करणार? रडायला रस्त्यात जागा नव्हती. आणखी दोघा गवंड्यांकडे गेले. सगळे छपरांवर. मालवणात मे महिन्याच्या शेवटी जमिनीवर एक गवंडी सापडायचा नाही.

१९ मे

बाबूदादाचं दुसरं पत्र. 'तुझी ट्रंक आणायला गाडी पाठवू का?' उत्तर दिलं नाही.

२० मे, बुधवार

कचेरीत जाऊन आले. दाखल्याऐवजी मी स्वतः लिहून दिलं तर? शेजारच्यांची साक्ष घातली तर? हेडक्लार्कांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाई, मालकीण जिवंत आहे ना? मग साक्षीचा प्रश्न येतो कुठे?" बाजूच्या टेबलावरच्याने सुचवलं — एक खिडकीच ना, मग बुजवून टाका की. तुम्हांला थोडंच राहायचंय तिथे.

खरंच की. मला थोडंच राहायचंय.

वाटेत हे वाक्य चारदा मनाशी म्हटलं. घरी येईपर्यंत शहाणपणाचं वाटायला लागलं होतं.

२१ मे, गुरुवार

चिरे कुठून आणायचे या विवंचनेत होते. काकीला विचारलं. तिने मागच्या अंगणाकडे बोट केलं. धुण्याच्या दगडाशेजारी बसायला म्हणून सहा चिरे रचलेले आहेत. चार वर्षांत किती वेळा त्यांवर बसून मी केस वाळवले असतील! ते खिडकीतलेच. काढले तसे मोजून तिने चार वर्षं जपून ठेवले होते.

"घराचो दगड घरात लागता," म्हणाली.

गवंडी नाही, तर मीच बांधणार. काकीचा गडी धोंडू आहे मदतीला. साठी उलटलेला, एका कानाने बहिरा, पण चिरा अजून खांद्यावर घेतो. रचायला मात्र तयार नाही. म्हणतो, "मी उचलतलंय, लावचंय नाय. पाप-पुण्य लावणाऱ्याचा." मी विचारलं, यात पाप कसलं? त्याने बहिरा कान माझ्याकडे केला.

आज चौकट उपटली आणि माती मळून ठेवली. पायांनी मळली. तांबडी, चिकट. पोटऱ्यांपर्यंत माखले.

२२ मे, शुक्रवार

बुजवली.

सकाळी सुरुवात केली ती बारापर्यंत. खालचे दोन सहज बसले. मधल्या दोघांपैकी एक वाकडा गेला, तो काढून पुन्हा लावला. धोंडू बाहेरून उचलून द्यायचा, मी आतून माती थापायची. दर चिऱ्याला खोलीतला उजेड उतरत गेला. पाचव्यानंतर एक चौकोन उरला, पाटीएवढा. त्यातून परसातली केळ, विहिरीचा रहाट आणि धोंडूचा अर्धा चेहरा दिसत होता. मी जरा थांबले. मग आतून मीच हाक मारली — "दी."

सहावा चिरा त्याने बाहेरून भोकात टेकवला, मी आतून ओढून बसवला. आत काळोख! इतका की माझा हात मला दिसेना. चाचपडत दारापर्यंत आले, ती सारवलेली जमीन तुडवत.

मग काकीने जागेवाल्याला नारळ ठेवायला लावला. या जागेचा राखणदार, त्याला कळवल्याशिवाय घरात दगड हलवायचा नाही. हलवल्यावर तरी कळवायला हवं. धोंडूने भिंतीपुढे उभं राहून गाऱ्हाणं घातलं. एरवी तोंडातून शब्द फुटत नाही त्याच्या, पण गाऱ्हाण्याला आवाज खणखणीत —

"बा देवा जागेवाल्या, ह्या घराक पडलेला भगदाड आज ह्या मास्तरणीन आपल्या हातान बुजवल्यान हा, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," काकी.

"ह्या घरातला चेडू बाळंतपणाक येता, तेका सुखरूप सोडव, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा."

"ह्या मास्तरणीक जय जावचा आसा थय पोचव, रे म्हाराजा!"

काकीने मला कोपराने ढोसलं. मीही म्हटलं, होय म्हाराजा. मोठ्याने म्हटलं.

दौत घेऊन गेले तर काकी भिंतीवर तळवा ठेवून म्हणाली, "वली आसा. सुकांदे."

२४ मे, रविवार

सुभद्रा आली. आचऱ्याहून बैलगाडीने. एकवीस वर्षांची आहे, पण चेहरा पार उतरलेला. आठवा महिना संपतोय. काकीने मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. सरळ खोलीत नेलं तिला. मी पडवीतल्या माझ्या ट्रंकेवर बसून ऐकत होते.

मग —

"बाई, खिडकी खंय गेली?"

आईला नाही विचारलं, मला विचारलं. मी म्हटलं, नारळ फोडायचा राहिलाय, आलेच. आणि परसात निघून गेले. कसला नारळ!

२५ मे, सोमवार

दुपारी काकी डुलकी घेत होती तेव्हा सुभद्राने मला हाक मारली. चिमणी लावून बाजेवर बसली होती. घामाने चोळी भिजलेली. म्हणाली, "बाई, चिमणी विझली काय डोळे उघडे आसत की मिटलेले तांच कळणा नाय. गेल्या खेपेक ती खिडकी होती, रात भायर चांदणा तरी दिसायचा. त्या नर्सबायन जाताना माका सांगल्यान होता, खिडकेचा सगळा बाईंका सांगतंय म्हणान. आयेक तुमीच सांगा. तुमचा ती आयकतली."

तिचा हात माझ्या मनगटावर होता. पाटीवर अक्षर गिरवताना मी धरायची तोच हात. हिने दोन वर्षांपूर्वी मुलगा गमावला, आणि मला अजून बाई म्हणते, विश्वासाने.

"बघतंय," मी म्हटलं.

बघते म्हणजे काय बघते? आज पंचवीस. हुकुमावर सही शुक्रवारी होणार. शनिवारची साडेदहाची गाडी चुकली तर कोल्हापूरला सोमवारी बाराच्या आत पोचणं जमत नाही. अंगठा अजून मिळालेला नाही. आता खिडकीचं नाव काढलं तर काकी अंगठा कायमचा मुठीत मिटून घेईल. आधी अंगठा, मग सांगणं. चार दिवसांचा तर प्रश्न.

२६ मे, मंगळवार

भिंत सुकत नाही. सुकणार कशी? वारा कुठे आहे! मातीवर पांढरी बुरशी धरली. काकीने शेगडी आत ठेवायला लावली, ओल जावी म्हणून. धूर माजघरापर्यंत आला. सुभद्रा बाहेर येऊन माझ्या वळकटीवर आडवी झाली. खोकत होती.

"सवय होतली," काकी म्हणाली. "मी चार बाळंतपणा काढलंय हय."

चारांतली एक सुभद्राच उरली, हे मला माहीत आहे. काकीलाही माहीत असणार.

२७ मे, बुधवार

"अजून वली." कचेरीत दोन खेपा घातल्या. हेडक्लार्क मला पाहून आता मान वर करत नाहीत. एक अंगठा! एका म्हातारीच्या एका बोटावर माझा जन्म अडकलाय.

२८ मे, गुरुवार

मिळाला! मिळाला! मिळाला!

सकाळी स्वतःच हाक मारून कागद आणायला सांगितला. "हाड गो तुझा कागद." भिंतीवर तळवा फिरवला होता. ओल होतीच, मला दिसत होती, पण ती म्हणाली, "होतला आता. तुझी गाडी जायत." मी तिचा अंगठा धरला, दौतीत बुडवला आणि कागदावर टेकवला. भाजलेल्या, चिरलेल्या अंगठ्याचा ठसा तो, रेषा कमी आणि चिरा जास्त.

धावत कचेरीत! दुपारी हेडक्लार्कांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला. "उद्या या."

आज जेवण गोड लागलं. सहा वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. मसुऱ्याला आता बाबूदादा काय वाटेल ते लिहो. मी सुटले.

सुभद्राचं सांगायला आता हरकत नाही. पण आजच्या आज नको. काकी कचेरीत जाऊन काही बोलली तर? उद्या हुकूम हातात आला की.

२९ मे, शुक्रवार

हुकूम हातात आला. तिकीटही काढलं. खोलीत शेवटचा केर काढायला गेले, पण तिथे आता माझं काही नाहीच. चिमणीच्या उजेडात भिंत सारखी दिसते, कुठे खिडकी होती ते सांगता येत नाही. चांगलंच बांधलंय मी.

काकीने कोकमाच्या आगळाची बाटली दिली, फणसाच्या वाळवलेल्या आठळ्या आणि कोकमाची सुकी सोलं दिली. कोल्हापुरात कोकम मिळत नाही असं तिला कुणीतरी सांगितलंय. बाटलीला चिंधीचा बोळा घट्ट बसवला, वर मेण. दोनदा उलटी करून गळते का बघितली. मला एकदम रडूच आलं. मीसुद्धा काय काय मनात आणलं हिच्याबद्दल!

सुभद्रा दारात टेकून उभी होती. हळूच म्हणाली, "सांगलात?"

"येळ गावलो नाय गो," मी म्हटलं. दुपारपासून पडवीत बसून होते.

उद्या निघताना सांगेन. पाया पडले की लगेच. दिवस भरायला अजून महिना आहे. गंगारामही तोवर छपरावरून उतरेल.

३० मे, शनिवार. कणकवली, एस.टी. स्टँड

पहाटेच सुभद्राच्या कळा सुरू झाल्या. जानकी सुईण आली, शेगडी आत नेली, धुरी घातली आणि दार ओढून घेतलं. तासाभराने कण्हणं थांबलं. आतून नुसता खोकला, मग तोही थांबला. मी ट्रंकेवर बसून. हुकूम आणि दाखला पोलक्यात.

काकी दार ढकलून बाहेर आली. धोंडूची पहार उचलून मागच्या अंगणात गेली. भिंत हाताने चाचपली, ओली जागा सापडली, तिथे पहार घातली. वरचा चिरा तिसऱ्या हिसड्याला बाहेर आला. मग दुसरा. दोन पाट्यांएवढ्या भोकातून धूर निघायला लागला, तो कितीतरी वेळ निघत होता. मग सुभद्राचा आवाज. आणि नऊच्या सुमाराला बाळाचा. मुलगी. दोघी जिवंत आहेत.

मी पाया पडायला वाकले. काकीचे हात मातीने लाल. म्हणाली, "सुभद्रान सांगल्यान माका. त्या नर्शीन तुका सगळा सांगल्यान होता म्हणान. तू शिकलेली मां गो? मगे माझ्यासारख्या आंधळेचा आयकलंस कित्याक?"

गाडी साडेदहाची होती. मी ट्रंक उचलली.